दोनशे बारा हसरे चेहरे

१

काचेची पेटी उघडली आणि दोनशे बारा बायका एकदम हसल्या.

कागदावर हो! खऱ्या दोनशे बारा बाळंतिणी एका हॉलमध्ये एकदम हसल्या असत्या, तर छत खाली आलं असतं आणि मी हे सांगायला उरलो नसतो.

तर ती पेटी. आमच्या प्रसूती रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या दाराशी, भिंतीला ठोकलेली. बाळंतीण घरी जायच्या आदल्या दिवशी तिला खाटेवर एक छापील फॉर्म मिळतो. वर खाट नंबर, तारीख, बाळाच्या जन्माची वेळ. नाव लिहायचं नाही, म्हणजे बाईने कोणाला न भिता खरं लिहावं. मध्ये पाच गोल चेहरे. पहिला ढसाढसा रडणारा, पाचवा कानापर्यंत हसणारा. आपल्याला कसं वागवलं ते आठवून एकावर खूण करायची आणि खालच्या तीन रेघांवर दोन शब्द लिहायचे. दर तीन महिन्यांनी पेटी उघडते. त्या बुधवारी ती पाहुण्यांसमोर उघडली, कारण सलग बारा वर्षं 'एकही नाराज नाही' म्हणून रुग्णालयाला मान मिळायचा होता. पितळी पाटी तयार होती, स्क्रूसकट.

मी तिथला लिफ्टवाला. अडतीस वर्षं ती लिफ्ट चालवली. इतकी संथ, की एक बाई तळमजल्यावर कळा देत चढली ती दुसऱ्या मजल्यावरच्या लेबर रूमला पोचेपर्यंत तिच्या पोराला दात आले होते. आता माझ्या जागी बटणं आली. पण मी सवयीने रोज हॉलसमोर स्टुलावर जाऊन बसतो. बटणांना कुठे गप्पा मारता येतात?

टाळ्या सुरू झाल्या आणि दारातून आवाज आला, "थांबा! त्यात माझा कागद नाही."

कडेवर पोर घेतलेली एक शिंपीण होती. बाळाचं वजन करायला आली होती, टाळ्या ऐकून वर आली.

मोठे डॉक्टर गोड हसले. "बाई, खाट नंबर?"

"नऊ. तीन आठवडे झाले."

कारकुनाने गठ्ठ्यातून खाट नऊचा कागद काढला. पाचवा चेहरा, कानापर्यंत हसणारा. खाली ओळ: 'सर्वांनी आईच्या मायेने सांभाळले.'

शिंपिणीने तो वाचला. तिचा चेहरा मी पाहत होतो. कोणीतरी तिच्या तोंडात तिचे नसलेले दात बसवावेत तसा झाला.

"मी पहिल्या चेहऱ्यावर खूण केली होती," ती म्हणाली. "इतकी दाबून, की कागद फाटला. आणि तिन्ही रेघा भरून लिहिलं होतं. ती पोरगी माझ्यासाठी तीनदा धावत वर गेली आणि तीनदा रिकामी परत आली, ते सगळं. कुठाय तो कागद?"

"बाई, कळांच्या वेळी माणसाला काहीही आठवतं," पाहुण्यांपैकी एक म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या, जरा घाईच्या.

मी मात्र स्टुलावरून उठलो होतो. कारण ती तीनदा धावलेली पोरगी माझी नात.

२

आमची चिमणी. नाव काहीही असो, लहानपणापासून एका जागी टिकत नाही म्हणून चिमणी. चार महिन्यांपूर्वी नर्स म्हणून लागली. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी लेबर रूममध्ये ती आणि नऊ नंबरची शिंपीण. पाहणीचे पाहुणे येणार म्हणून नेमकं त्याच दिवशी माझं स्टूल हलवून मला घरी पाठवलं होतं, नाहीतर मीच साक्षीदार झालो असतो. बाळ अडलं. डॉक्टर वेळेवर आले नाहीत. बाळ उशिरा रडलं, अकरा दिवस काचेत राहिलं. वाचलं, पण कोणीतरी दोषी ठरवायला हवं होतं. डॉक्टरांना वेळेत कळवलं नाही, असा ठपका चिमणीवर आला. शनिवारी समितीची बैठक. ठपका टिकला तर नोकरी जाणार, नर्सिंगचं लायसन्सही जाणार.

"तू कळवलं होतंस ना?" मी विचारलं.

"कळवलं होतं, आजोबा."

"कोणाला?"

"ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय. शनिवारी सगळं नीट होईल."

आजोबाचं रक्त आटवायला एवढं पुरे होतं. तिचं म्हणणं खरं ठरवणारा एकच कागद होता, आणि त्या कागदाच्या जागी एक हसरा चेहरा बसला होता. मी तडक आक्काकडे गेलो.

आक्का म्हणजे आमच्या लेबर रूमची जुनी इन्चार्ज. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तिच्या हाताखाली अर्धं गाव जन्मलं. उरलेलं अर्धं तिला घाबरून दुसरीकडे जन्मलं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर एकच गोष्ट: निरोपाच्या दिवशी मिळालेली फ्रेम. 'तीन वर्षं, एकही नाराज नाही.' पेटी सुरू झाली ती आक्काच्या शेवटच्या तीन वर्षांत. ती फ्रेम आक्का रोज पुसते. देव पुसत नाही, फ्रेम पुसते.

"बोला लिफ्टवाले, आज कुठल्या मजल्यावर अडकलात?"

मी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मीठमसाला न लावता. त्यामुळेच तिने विश्वास ठेवला असावा.

कारकून माझा जुना दोस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गठ्ठा दाखवला. आक्काने एक अक्षर वाचलं नाही. डोळे मिटून एकेका कागदावरून बोटं फिरवली, बाळंतिणीच्या पोटावरून फिरवावीत तशी. दहा, वीस, चाळीस.

"लिफ्टवाले, कधी खाटेवर उताणं पडून लिहिलंय?"

"उताणं पडून मी फक्त घोरतो."

"बाळंतीण टाक्यांमुळे नीट बसू शकत नाही. कागद उशीवर नाहीतर मांडीवर ठेवते. पेन खुपतं, अक्षर घसरतं, मध्येच उमटत नाही. हे बघा." कागद गुळगुळीत होता. "टेबलावर बसून लिहिलेत. सगळेच्या सगळे."

"म्हणजे शिंपिणीचा एकटाच नाही?"

"एकाही बाईने यातला एकही कागद लिहिलेला नाही," आक्का म्हणाली.

३

संशयित तीन. आधी कारकून. पेटीची चावी त्याच्या गळ्यात, काळ्या दोरीला.

"आक्का, देवाशप्पथ, पेटी मी फक्त बुधवारी उघडली," तो म्हणाला. "आणि ती काचेची आहे. दिवसभर हा गप्पिष्ट समोर बसतो, विचारा यालाच."

खरं होतं. पेटी मी रोज बघतो. ट्रे घेऊन कधी ही नर्स येते, कधी ती; कागद वाढत जातात, कमी होत नाहीत. जे काही बदललं, ते पेटीत पडायच्या आधी.

"लेबर रूममध्ये जातोस कधी?"

"मी? तांबड्या रेघेपलीकडे डॉक्टर सोडून दुसऱ्या पुरुषाने पाय टाकला तर मावशी फडक्याने झोडपते. जन्माचं रजिस्टरसुद्धा महिना संपल्यावर माझ्याकडे येतं, तोवर आतच कुलपात." मग तो कान खाजवत म्हणाला, "एक मात्र आहे. बाळंतपणं दोनशे बारा, पण वॉर्डाने कोरे फॉर्म नेले सव्वाचारशे. मला वाटलं, बायका वारा घेत असतील."

दुसरे मोठे डॉक्टर. पाटीचा सोस त्यांनाच.

"त्या दुपारी पाहणीचे पाहुणे आले होते, मी हॉलमध्ये होतो, दार बंद होतं," ते म्हणाले. "मला एकही निरोप आला नाही. आला असता तर मी चहाचा कप टाकून धावलो असतो. आक्का, तुम्ही मला ओळखता."

"ओळखते. तुम्ही धावत नाही, पण चालत नक्की आला असता."

ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटले, "हे घड्याळ बदलायला हवं. लेबर रूममधल्याशी कधी जुळत नाही. नेहमी मागे."

 आक्का फक्त खोकली. ती उगाच कधी खोकत नाही, पण मला तेव्हा ते कळलं नाही.

तिसरी मावशी. फरशी, चादरी आणि मागची भट्टी तिच्याकडे. तिला लिहिता-वाचता येत नाही.

"कागद मी खाटांवरून गोळा करते आणि लेबर रूमच्या टेबलावर ट्रेमध्ये ठेवते," ती म्हणाली. "पुढे कोण पेटीत टाकतं ते टाकतं. माझं डोकं फरशीत."

"कागद जाळायला येतात?"

"रक्ताचे बोळे येतात, पट्ट्या येतात. कागदाचा एक कपटा येत नाही. आला असता तर मला आनंदच, भट्टी लवकर पेटली असती."

बाहेर आल्यावर आक्का थांबली. "जाळले नाहीत. घरी न्यावेत तर गेटवर पिशव्या तपासतात."

"म्हणजे?"

"म्हणजे खरे कागद याच इमारतीत आहेत."

४

ताई आमची वाट बघत लेबर रूमच्या दारात उभीच होती.

ताई म्हणजे आताची इन्चार्ज. आक्काच्या हाताखाली तयार झालेली. आक्काला लेक नाही, पण विचारलं तर ती क्षणभर थांबून मग 'नाही' म्हणते, ते ताईमुळे. बायका ताईचं नाव काढलं की विरघळतात. कळांच्या वेळी तिचा हात धरायला मिळावा म्हणून खाटा बदलून मागतात.

"आक्का! किती वाळलात! चहा टाकते." तिने माझ्या हातातही कप दिला. "आजोबा, तुम्ही चिंता करू नका. तुमच्या चिमणीला मी वाऱ्यावर सोडणार नाही. शनिवारी मी आहे ना."

मला गहिवरून आलं. खोटं कशाला बोलू, मी त्या चहात दोन थेंब मीठ घातलं, डोळ्यातलं.

"तू त्या दुपारी कुठे होतीस?" आक्काने विचारलं.

"पाहुण्यांच्या गडबडीत, वर. आक्का, तुम्हीच शिकवलंत ना, लेबर रूममध्ये काहीही मोजल्याशिवाय टाकायचं नाही आणि काहीही घाईने ठरवायचं नाही? शनिवारपर्यंत थांबा."

आक्काने तिच्या गालावर हात ठेवला. मी कप धुऊन ठेवला.

दुपारी आम्ही शिंपिणीच्या घरी. एका खोलीत मशीन, कापडांचे ढीग, आणि ढिगावर झोपलेलं बाळ, अस्सल मखमलीवर, कोण्या गिऱ्हाइकाच्या.

"मला दुसरं काही नको," शिंपीण सुई दातात धरून म्हणाली. "चूक होते. मी पण बाह्या उलट्या लावते कधी. पण मी म्हणते दुखलं, आणि तुम्ही म्हणता नाही, तू हसलीस! माझं दुखणंसुद्धा माझं राहू देणार नाही का?"

आक्का खाली बघत होती. मग तिने विचारलं, "बाळ किती वाजता झालं?"

"सव्वातीन."

"साधारण?"

"साधारण कशाला? समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोन तास मी तेच बघत होते, दुसरं बघायला होतंच काय? काटा तीनवर आला की शिवणीसारखा नेमका सव्वातीन. फॉर्मवर तेच लिहिलं. घरी जाताना कार्ड मिळालं त्यावर मात्र तीन-आठ. मी म्हटलं, राहिलं."

आक्काने पिशवीतून खाट नऊचा हसरा कागद काढला. जन्माची वेळ: दुपारी ३ वाजून ८ मिनिटं.

मग ती मखमलीवर बसली. बाळाच्या शेजारी, धप्पकन. इतकी वर्षं मी तिला पाहतोय, बाळंतिणीचं रक्त अंगावर उडालं तरी ती कधी बसली नव्हती.

"आक्का, काय झालं?"

"लिफ्टवाले," ती म्हणाली, "हे करणारं माणूस मीच घडवलंय."

५

पुढचं तिने लेबर रूममध्ये सांगितलं. दार लावून. आत ती, ताई आणि मी. मला तांबड्या रेघेपलीकडे त्या दिवशी पहिल्यांदा नेलं. मावशीने फडकं उचललं होतं, पण आक्काचा चेहरा पाहून खाली ठेवलं.

"ते घड्याळ सात मिनिटं पुढे आहे," आक्का भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली. "बावीस वर्षांपूर्वी मी केलंय. मोठे डॉक्टर कायम सात मिनिटं उशिरा यायचे. माणूस बदलेना, म्हणून मी घड्याळ बदललं. तेव्हापासून डॉक्टर वेळेवर येतात, आणि बिचाऱ्यांना वाटतं, आपलंच घड्याळ मागे."

मला हसू फुटणार होतं. फुटलं नाही.

"पण जन्माची नोंद खरी हवी. म्हणून रजिस्टर फक्त इन्चार्जने लिहायचं आणि लिहिताना सात वजा करायचे. हे कोणाला माहीत? मला. आणि खुर्ची सोडताना मी ज्या एकीच्या कानात सांगितलं, तिला."

ताई ड्रॉवर पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती.

"बाईला फक्त भिंतीवरचं घड्याळ दिसतं. फॉर्म ती कार्ड मिळायच्या आधी भरते. ती सव्वातीन लिहील, तीनच्या पुढे लिहील, 'मला काय ठाऊक' असं लिहील. दोनशे बारा बायका मिनिटासकट, सात वजा करून, रजिस्टरशी जुळतील अशा वेळा कशा लिहितील? मी आत्ता कारकुनाकडे बसून एकेक जुळवली. सगळ्या जुळतात. रजिस्टर महिनाभर तुझ्या कुलपात असतं. डॉक्टरला सात ठाऊक नाहीत, कारकून रेघ ओलांडत नाही, मावशीला लिहिता येत नाही. वेळ खोटी लिहायला तुझा हात धजला नाही ना? बाईचं मन खोटं लिहायला धजला, पण मिनिट नाही."

मावशी बाहेर बादली ओढत होती. 

"आणि मोजल्याशिवाय टाकायचं नाही, हेही मीच शिकवलं. बोळे दहा-दहाचे बांधायचे, गाठ मारायची, आकडा लिहायचा. तू ते कागद फेकू शकली नसशील. तुझ्याकडून होणारच नाही ते. कुठे आहेत?"

ताईने हातातलं फडकं ठेवलं. मग तिने टेबलाखालून स्टीलचा एक जुना ड्रम ओढला, पूर्वी ज्यात बोळे उकडून निर्जंतुक करायचे तसला. झाकण उघडलं. आत कागद. दहा-दहाच्या जुड्या, पांढऱ्या पट्टीने बांधलेल्या, प्रत्येकीवर आकडा.

सगळ्यात वर शिंपिणीचा होता. रडक्या चेहऱ्याच्या जागी भोक होतं. पेन आरपार गेलं होतं. खाली तीन रेघा आणि समासातसुद्धा: 'पोरगी तीनदा डॉक्टरांना बोलवायला गेली. तीनदा आली. म्हणाली, ताई हॉलच्या दारात आहेत, पाहुणे आहेत, थांब म्हणतात. मी ताईंचा हात मागितला होता.'

मी ड्रमला टेकलो. चिमणीने शब्द दिला होता तो हिला!

"पोरीचं काय?" आक्काने विचारलं.

"मी सांभाळून घेईन म्हटलंय तिला. शनिवारी बोलेन."

"आणि हे सगळं का?"

ताई खूप हळू म्हणाली, "पहिला एकच बदलला होता, आक्का. पेटी नवीन होती. एकाच बाईने वाईट लिहिलं होतं. ज्याबद्दल लिहिलं होतं त्या माणसाचं मन मोडू नये, एवढंच वाटलं. मग शेजारचा कागद जास्त वाईट दिसायला लागला. मग तोही. मग तुमची फ्रेम झाली. मग दरवर्षी लोक विचारायला लागले, यंदाही ना?"

आक्काचा हात ड्रममध्ये खोल गेला होता. तळाशी, जिथे पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या.

"आक्का, त्या नका सोडू."

"या कोणत्या वर्षीच्या?"

"नका ना."

आक्काने गाठ सोडली.

६

शनिवारी हॉलमध्ये लांब टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर पाटीसाठी पाडून ठेवलेली चार भोकं. समितीत मोठे डॉक्टर, दोन पाहुणे. एका बाजूला चिमणी, केस घट्ट बांधलेली, ताईकडे बघून मधूनच हलकं हसणारी. मी दाराशी. पायाशी ड्रम, वर चादर. आक्का म्हणाली होती, आधी त्यांना बोलू द्या. ताईला स्वतःहून बोलायची संधी द्या.

कारकुनाने आधी आलेले जबाब वाचायला घेतले. पाकिटं फोडली. तिसरं पाकीट ताईचं.

"'सदर परिचारिकेने मला एकदाही कळवले नाही,'" कारकून वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. "'ती नवखी असून घाबरून गेली असावी. तिच्यावर योग्य ती कारवाई व्हावी.' तारीख... तीन आठवड्यांपूर्वीची."

म्हणजे आमच्या हातात चहाचा कप दिला, त्याच्या कितीतरी आधीची. ड्रम उघडताना, 'सांभाळून घेईन' म्हणताना, हे पाकीट कारकुनाच्या कपाटात बंद होतं.

चिमणीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते उतरवायचं कसं ते तिला कळेना. ती ताईकडे बघत राहिली. ताई ग्लासकडे.

"ताई," चिमणी म्हणाली, "हे चुकून दुसऱ्या कोणाचं वाचलं का?"

ताईने ग्लास उचलला. आक्काने संधी दिली होती. पाण्याचा एक घोट संपेल एवढी. मग तिने मला खूण केली आणि मी ड्रम टेबलावर आपटला. असा आपटला, की पाहुण्यांचे ग्लास नाचले. हे मी वाढवून सांगत नाही.

शिंपिणीचा फाटका कागद वाचला गेला, आणि शिंपीण स्वतः दारात उभी राहून प्रत्येक ओळीला "हो" म्हणाली. घड्याळाचा हिशेब आक्काने सांगितला. मोठ्या डॉक्टरांनी मनगटाकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, आणि बावीस वर्षांचं काहीतरी गिळलं. पाहुण्यांपैकी एक म्हणाले, "पण ह्या इतर जुड्या कशाला? एक प्रकरण होतं, ते मिटलं."

"मिटलं नाही," आक्का म्हणाली. तिने पिशवीतून पिवळ्या पट्टीची जुडी काढली. "ही माझ्या वेळची. एकेचाळीस कागद. पहिला वाचते, सगळ्यात आधी बदललेला. 'मोठ्या बाईंनी मांडीवर चापट मारली आणि म्हणाल्या, ओरडू नको, तू काही पहिली नाहीस. बाळ छान आहे. पण मी पहिलीच होते हो, माझ्यासाठी.'"

 आक्काने कागद घडी घालून परत जुडीत ठेवला, पट्टी बांधली, गाठ मारली.

"ही चापट मला आठवत नाही," ती म्हणाली. "तेच वाईट आहे."

चिमणीवरचा ठपका त्याच दुपारी गेला. ताईला घरी पाठवलं. पुढे काय झालं ते कागदोपत्री आहे, मला त्यात रस नाही. पाटी स्क्रूसकट कारकुनाच्या कपाटात पडली. भिंतीतली चार भोकं अजून आहेत.

संध्याकाळी चिमणी माझ्यासोबत लिफ्टमध्ये आली. तळमजला आला तरी बाहेर पडेना.

"आजोबा, मला ठपक्याचं काही वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, ती आहे ना. रोज वाटायचं."

थापांचं अख्खं गाठोडं माझ्यापाशी, पण त्यातली एकही तिच्या उपयोगाची नव्हती. मी वरचं बटण दाबलं. आम्ही पुन्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि पुन्हा खाली आलो. ती लिफ्ट संथ आहे हे बरं आहे, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

७

सोमवारी सकाळी आक्काकडे गेलो तर भिंतीवर फक्त खिळा. फ्रेम नव्हती. टेबलावर जुनी रजिस्टरं, आणि तिच्या हातात पिवळी जुडी.

"कागदावर नाव नाही. पण खाट आणि तारीख आहे. रजिस्टरात पत्ते आहेत," ती म्हणाली. "चला लिफ्टवाले. रोज एक."

"एकेचाळीस घरं? आक्का, हाकलून देतील."

"देऊ देत. मोजल्याशिवाय टाकायचं नाही."

आधी तिने रुग्णालयात जाऊन स्टुलावर चढून लेबर रूमचं घड्याळ सात मिनिटं मागे केलं. स्टूल मी धरलं. मग आम्ही निघालो.

पहिलं घर एका चढावर होतं. निळं दार, बाहेर बारा वर्षांच्या पोरीची सायकल आडवी पडलेली. आक्काने ती आधी उभी केली. मग कडी वाजवली.

दार उघडलं. हाताला साबणाचा फेस असलेली एक बाई. आक्काने तिला तिचा कागद दिला, भिजेल म्हणून दोन बोटांत धरून. बाईने तो वाचला. मग आक्काच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मी ती चापट मारणारी," आक्का म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतंत. मला ते बारा वर्षांनी मिळालं."

 आतून पोरीने विचारलं, "आई, कोण आहे?"  फेस बाईच्या मनगटावरून उंबऱ्यावर ठिबकत होता.

आत या म्हणाली नाही. पण दारही लावलं नाही.

आक्का उभी राहिली. मी स्टुलाविना पायरीवरच बसलो. घड्याळाकडे कोणीच बघितलं नाही.